गालांतली खडी

पितळी नळ आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकाशी बायकांच्या झडतीची एक खोली होती. दाराला जाड पडदा, आत एक टेबल, एक स्टूल आणि डोक्यावर नको तितका लख्ख दिवा. शिफ्ट सुटली की कामगार बायका एकेक करून पडद्याआड यायच्या, हात वर करून उभ्या राहायच्या, आणि आतली बाई त्यांच्या पिशव्या, डबे, बाह्यांच्या दुमडी, कमरेची शिवण, केसांचा अंबाडा असं सगळं बोटांनी चाचपायची. पितळेला बाहेर भाव होता आणि नळाची एखादी चावी किंवा चकती अंबाड्यात सहज मावायची. या बाईला सगळे झडतीबाई म्हणत. तिच्या माघारी म्हणत आणि तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

खरं सांगायचं तर संशय हा तिचा नुसता पोटापाण्याचा धंदा नव्हता, तिचा स्वभावच तो होता. दूधवाल्याच्या मापावर तिचा विश्वास नव्हता, घड्याळजीनं बदललेल्या सेलवर नव्हता. टीव्हीवरचा माणूस उद्या ऊन पडेल म्हणाला की ती छत्री काढून दाराशी ठेवायची. तिचा नवरा बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला, शांत, गालातल्या गालात हसणारा माणूस होता. तो म्हणायचा, की आमच्या लग्नात हार घालताना हिनं आधी तो उलटा करून बघितला होता. यावर ती म्हणायची, की बघितला म्हणूनच आतली टाचणी सापडली.

मुलाचं लग्न होऊन सून घरात आली तेव्हा या स्वभावाला घरबसल्या काम मिळालं. सून ब्यूटी पार्लरमध्ये नोकरी करत होती. केस कापणं, भुवया कोरणं, चेहऱ्यांना मसाज करणं हे तिचं काम. मुलगी कमी बोलणारी, हाताला हलकी. घरात आल्यावर सासूशी सूत जमवायचं म्हणून तिनं आपल्याला येत होतं तेच केलं. सुट्टीच्या दिवशी ती सासूला खुर्चीत बसवायची, मानेखाली टॉवेल ठेवायची आणि पांढऱ्या डबीतलं क्रीम लावून हळूहळू तिचा चेहरा चोळून द्यायची. झडतीबाईला ते आवडायचं. आवडतं असं ती कधी म्हणाली नाही, पण सुट्टीच्या दिवशी दुपारी ती आपणहून खुर्ची ओढून बसलेली असायची.

एका सकाळी तोंड धुताना तिच्या बोटांना डाव्या गालात काहीतरी लागलं. कातडीच्या खाली, तांदळाच्या कणीएवढं, टणक. पुटकुळी म्हणावी तर दुखत नव्हती. तिनं दोन बोटांच्या चिमटीत धरून ते हलवून पाहिलं, तर ते थोडं सरकलं आणि परत जागेवर आलं. मऊ कापडात लपवलेली टणक वस्तू शोधण्यात जिचा जन्म गेला, तिला तेवढ्यावर स्वस्थ बसवेना. आरशासमोर उभी राहून तिनं आपल्याच चेहऱ्याची झडती घेतली. डाव्या गालात आणखी काही कण निघाले. उजव्या गालातही निघाले. उजेडाकडे तोंड करून कातडी ताणली की खाली फिकट पांढरे ठिपके दिसत होते.

त्या दिवशी कामावर तिचं लक्ष नव्हतं. एकच प्रश्न डोक्यात घोळत होता, की हे माझ्या गालात घातलं कुणी? आपोआप झालं असेल हा विचार तिला शिवला नाही. आपोआप काही होतं यावर तिचा मुळातच विश्वास नव्हता. आणि तिच्या गालांना हात लावणारं माणूस जगात एकच होतं.

तिनं घरी काही सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सून टॉवेल घेऊन आली तेव्हा आज डोकं दुखतंय म्हणाली. त्याच्या पुढच्या वेळी सर्दी झाली. सून कामावर गेली की ती तिच्या कपाटातली पांढरी डबी काढून वास घ्यायची, बोटावर क्रीम घेऊन चोळून बघायची, की त्यात काही कचकचतंय का. एकदा औषधांच्या दुकानात तिनं थोडं क्रीम कागदात बांधून नेलं आणि यात काय काय आहे ते सांगा म्हणाली. दुकानदारानं कागद उघडला, वास घेतला आणि गुलाब असावा असं सांगितलं. तो कंपनीला सामील आहे असं ठरवून ती परत आली. मग ती स्वतःचा चहा स्वतः करायला लागली. सुनेनं वाढलेलं ताट आधी नवऱ्यापुढे सरकवायची. नवरा बिचारा मुकाट्यानं जेवायचा. एकदाच म्हणाला, की मला वाटतं मी अजून जिवंत आहे, तू जेवायला हरकत नाही.

सून हे सगळं बघत होती. मुलाच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, आणि आलं तेव्हा तो आईवर चिडला. तेव्हा कुठे तिनं त्याचा हात धरून आपल्या गालावर ठेवला. त्याला ते कण लागले आणि तो चिडायचा थांबला.

गल्लीतल्या डॉक्टरांनी मुरुमं समजून मलम दिलं. मलमानं काही झालं नाही, उलट उजव्या गालातला एक दाणा लाल होऊन सुजला आणि एका रात्रीत फुटला. त्यातून पू आला नाही. खडूच्या ओल्या भुकटीसारखं काहीतरी पांढरं बाहेर आलं. ते पाहून मात्र ती घाबरली. तिनं ती भुकटी आगपेटीत भरली आणि आगपेटी पिशवीत टाकून सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. बरोबर कुणी यावं यावर घरात बरीच चर्चा झाली. नवऱ्याचे गुडघे दुखत होते, मुलाला रजा मिळेना. शेवटी सूनच निघाली. झडतीबाई वाटेत तिच्यापासून एक हात अंतर ठेवून चालत होती.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई वयानं तिच्या मुलीसारख्या होत्या, पण बोलायला मोजक्या. त्यांनी आगपेटी उघडून पाहिली, हसल्या नाहीत. मग हात धुऊन, बोटांची टोकं गालावर ठेवून, डोळे अर्धवट मिटून चाचपू लागल्या. झडतीबाईला ती बोटं ओळखीची वाटली. आपणही असंच करतो, घाई न करता, शिवणीच्या कडेकडेनं. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं. पण मग डॉक्टरांनी एक बारीक सुई काढली आणि एका दाण्यात टोचली. सुई आत कशावर तरी घासली. कर्र असा आवाज झाला, की तिला नुसता तसा भास झाला, कुणास ठाऊक, पण तिच्या दातांपर्यंत शिरशिरी गेली.

"मावशी, हे कॅल्शियम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हाडात असतं तेच. कातडीत साठलंय. ते का साठलं, हे शोधायला हवं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कधी कधी रक्तातच कॅल्शियम वाढतं. मूत्रपिंडं बिघडली, गळ्यातल्या बारीक ग्रंथी जास्त काम करायला लागल्या किंवा ताकदीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या, तर ते नको तिथे जाऊन बसतं. रक्तात सगळं ठीक असेल, तर मग त्या जागीच पूर्वी काही इजा झालेली असते. जुनी मुरुमं, भाजलेलं, मार लागलेला, काही टोचलेलं. मेलेल्या किंवा दुखावलेल्या जागेवर शरीर हळूहळू चुन्याचं पुट चढवतं. म्हणून त्यांनी एकेक विचारलं. तरुणपणी मुरुमं होती का? नव्हती. चेहरा कधी भाजला होता का? नाही. पडला होतात का? नाही. गोळ्या? गोळ्यांवर तर तिचा विश्वासच नव्हता.

"चेहऱ्यात कधी इंजेक्शन घेतलं होतं?"

"नाही," झडतीबाई म्हणाली. प्रश्न पुरता संपायच्या आतच म्हणाली. सून शेजारीच बसली होती.

रक्ताच्या तपासण्या आणि चेहऱ्याचा एक्स-रे लिहून मिळाला. परत येताना ती म्हणत राहिली, की ही सगळी यांची मिलीभगत असते, सुई वाजली ती मुद्दाम वाजवली असणार.

रिपोर्ट यायला वेळ लागला आणि त्या दिवसांत घरात वेगळंच सुरू झालं. ती खोलीत आली की नवरा आणि मुलगा बोलायचे थांबायचे. तिनं लगेच ताडलं. हा कॅन्सर आहे, यांना कळलंय आणि माझ्यापासून लपवताहेत. ती संडासाच्या दारामागे उभी राहून कान द्यायला लागली. एकदा तिला मुलाचा आवाज ऐकू आला, की आईला आत्ता सांगू नका, ती आकांडतांडव करेल. ती तशीच बाहेर आली आणि काय ते आत्ताच्या आत्ता सांगा म्हणाली. मुलगा ओशाळला. दोघांनी वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवलं होतं. सुनेला या घरात श्वास घेता येत नव्हता.

हे ऐकून तिला सुटल्यासारखं वाटलं आणि लगोलग त्या सुटकेची लाजही वाटली. कॅन्सर नाही एवढंच तिनं आधी ऐकलं होतं. मुलगा घर सोडतोय हे मागाहून उतरलं. ती आत गेली.

रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ आले. कॅल्शियम, मूत्रपिंडं, गळ्यातल्या ग्रंथी, सगळं जिथल्या तिथे होतं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. चेहऱ्याच्या राखाडी सावलीत पांढरे ठिपके चमकत होते, जशी कुणी मूठभर बारीक खडी उधळली असावी. पण डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या. ठिपके उधळलेले नव्हते. दोन्ही बाजूंना, गालाच्या हाडाच्या खाली, जवळजवळ सारख्याच उंचीवर ओळी होत्या.

"शरीर असं मापून साठवत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची वळवली आणि पहिल्यांदाच सुनेकडे नीट पाहिलं. "तुम्ही पार्लरमध्ये असता ना? तिथे चेहऱ्यात काही टोचतात का? सुयांचा रोलर, कातडी भरायचं फिलर, तसलं काही?"

सुनेचा चेहरा पडला. आमच्याकडे फक्त मसाज आणि वाफ असते, ती म्हणाली. घरी यांना काय लावत होता? क्रीम. कुठलं? तिनं नाव सांगितलं. फक्त क्रीमच? फक्त क्रीमच. डॉक्टर आवाज न चढवता विचारत होत्या, पण त्यांना काय वाटतंय ते त्या खोलीत लपण्यासारखं नव्हतं. सुनेनं सासूकडे बघितलं. झडतीबाई काचेवरच्या फोटोकडे बघत राहिली. तिनं तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिनं ते उघडलं नाही.

कारण त्या ओळी बघताक्षणी तिला सगळं आठवलं होतं. खरं तर ती विसरलीच नव्हती, फक्त तिकडे बघत नव्हती.

मुलगा शाळेत होता तेव्हाची गोष्ट. एका आजारपणातून उठल्यावर तिचे गाल आत गेले होते. फाटकावरच्या बायका तिला बघून कुजबुजायच्या. निदान तिला तरी तसं वाटायचं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा देणारी बाई तिची एकुलती एक मैत्रीण. तिनं सांगितलं, की शिंप्याच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे एक बाई गाल भरून देते. सुईनं औषध घालते, झालं, दवाखान्याची भानगड नाही. जगात कुणावर भरवसा न ठेवणारी झडतीबाई त्या जिन्यानं वर गेली. कॅन्टीनवाली आणि पॅकिंगमधली एक बाई बरोबर होत्या, त्यांनीही सुई घेतली. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. आत काय आहे ते तिनं विचारलं नाही. दुधाचं माप तपासणाऱ्या बाईनं ते विचारलं नाही, कारण उत्तर ऐकलं तर जिना उतरून परत जावं लागेल हे तिला कळत होतं. गाल सुजून आले तेव्हा तिनं घरी दाढ दुखतेय म्हणून सांगितलं. सूज उतरली आणि गाल खरंच भरलेले दिसले. नवरा म्हणाला, आता तब्येत धरलीस. पुढे शिंप्याच्या दुकानावरची ती खोली रिकामी झाली आणि गोष्ट तिथेच पुरली गेली.

दवाखान्यातून घरी आल्यावर सून स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. आधीच घासलेली भांडी पुन्हा घासत होती. झडतीबाई दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिला वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, कशाला सांगायचं, डॉक्टरांना तरी काय खात्री आहे? कदाचित क्रीमच असेल. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याचा तिला फाटकावर रोज अनुभव होता. पितळी चकती हातात सापडल्यावरही बायका मनापासून सांगायच्या, की ती तिथे कशी आली ते खरंच माहीत नाही.

आधी उजव्या गालातले दोन दाणे काढायचे आणि तपासायला पाठवायचे ठरलं. टेबलावर निजवून तिच्या चेहऱ्यावर हिरवं कापड घातलं, फक्त गालापुरतं भोक असलेलं. बधिर करायचं इंजेक्शन जळजळलं आणि मग गाल परका झाला, कुणीतरी उशाला ठेवून विसरल्यासारखा. डॉक्टर सुरकुत्यांच्या रेषेतच चीर देत होत्या, म्हणजे व्रण त्यांत मिसळून जाईल. त्या काय करताहेत ते त्या बोलून सांगत होत्या. आता चीर देतेय. आता बारीक चमच्यानं सोडवतेय, तुम्हाला ओढल्यासारखं वाटेल. हा जरा चिकटलाय आजूबाजूला. मग स्टीलच्या वाटीत काहीतरी टक् करून पडलं. थोड्या वेळानं आणखी एक. एकेका टाक्यानं चिरा बंद झाल्या. कापड काढल्यावर डॉक्टरांनी वाटी तिच्यापुढे धरली. पिवळट पांढरे, ओबडधोबड खडे होते. एकाला बाजूनं मांसाचा पातळ पदर चिकटला होता.

"हे माझंच आहे कशावरून?" झडतीबाईनं विचारलं. सवयीनंच विचारलं. नर्स हसली. डॉक्टर म्हणाल्या, की चिकटलेला तुकडा तरी तुमचाच आहे.

टाके काढायच्या दिवशी तपासणीचं उत्तर आलेलं होतं. सून या वेळीही बरोबर होती. तिनं येताना पिशवीत क्रीमची डबी, तिचं खोकं आणि पार्लरच्या मालकिणीचा फोन नंबर आणला होता. खुर्चीत बसल्याबसल्या तिनं ते सगळं टेबलावर मांडलं.

डॉक्टरांनी डबी बाजूला सरकवली. सूक्ष्मदर्शकाखाली कॅल्शियमच्या पोटात परकं द्रव्य दिसलं होतं, तेलासारख्या थेंबांची जुनी भोकं आणि त्यांच्याभोवती शरीरानं बांधलेली भिंत. क्रीमनं असं होत नाही. हे कुणीतरी सुईनं आत घातलंय आणि बऱ्याच वर्षांपूर्वी. "कोणी आणि कधी, याच्याशी मला भांडण नाही," त्या म्हणाल्या. "पण काय घातलं आणि किती खोल, ते कळलं नाही तर पुढचे दाणे मी आंधळेपणानं काढणार. गालातून चेहरा हलवणारी नस जाते."

सून म्हणाली, "मी काही टोचलेलं नाही. पाहिजे तर मालकिणीला फोन लावा."

"तिनं नाही केलं," झडतीबाई म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. शिंप्याचं दुकान, जिना, बिनचिठ्ठीची बाटली, बरोबरच्या दोघी. सांगताना ती टेबलावरच्या क्रीमच्या डबीकडे बघत होती. डॉक्टरांनी मधे एकदाच विचारलं, की सुई आडवी घातली होती की उभी. ते तिला आठवत होतं. ते ऐकून डॉक्टरांनी आधीचा एक्स-रे पाकिटातून बाहेर काढला आणि त्यावर बोट ठेवत एकेक ओळ पाहिली.

सून उठून बाहेर गेली. झडतीबाई बाहेर आली तेव्हा ती बाकावर बसली होती. रडत नव्हती. दोघी निघाल्या. फुटपाथवर थोडं चालल्यावर सून म्हणाली, "तुम्ही माझं कपाट उघडत होता, ते मला माहीत होतं. डबीचं झाकण तुम्ही नेहमी वाकडं लावायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, बघू देत. काही नाहीच तर सापडणार काय? आणि त्या दिवशी एक्स-रे बघून डॉक्टर मला विचारत होत्या, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

हो, एवढंच झडतीबाई म्हणाली. या वेळी एक हात अंतर सुनेनं ठेवलं होतं.

घरी नवऱ्याला सांगणं तिला सगळ्यांत अवघड वाटत होतं आणि तेच सोपं गेलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, की तेव्हा मी रोज तुझ्यासाठी पातळ करून रांधत होतो, दाढ म्हणून. आणि तू ते चापून खात होतीस. मला तेव्हाच शंका आली होती. मग जरा थांबून तो म्हणाला, की गाल आत गेलेले होते तेव्हाही मला काही अडचण नव्हती. ती त्याच्यावर खेकसली, की मग तेव्हाच का नाही सांगितलंस. तो म्हणाला, तू विश्वास ठेवला असतास?

बाकीचे दाणे दोन खेपांत काढले. वरचे चिरा देऊन काढले, आणि थोडे खोल होते ते तोंडाच्या आतून, म्हणजे बाहेर व्रण नको. डाव्या गालातला एक मात्र डॉक्टरांनी ठेवला. तो नसेला खेटून होता. झडतीबाईला लगेच वाटलं, की यात काहीतरी आहे. हिला जमत नसेल किंवा मला पुन्हा पुन्हा बोलवायचं असेल. तिनं तसं तोंडावर विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, की काढता येईल, पण नस दुखावली तर ओठाची एक बाजू लोंबेल आणि चहा पिताना गळेल. तो दाणा वाढत नाही, दुखत नाही. तुम्ही सांगाल ते करू. तिनं घरी जाऊन आठवडाभर विचार केला. आरशात ओठाची एक बाजू खाली ओढून बघितली. आणि दाणा राहू दे म्हणाली. तरी रोज सकाळी ती त्यावर बोट ठेवून तो वाढला नाही ना ते बघतेच.

मुलगा आणि सून वेगळे राहायला गेले. बेत बदलेल असं तिला आतून वाटत होतं, पण तो बदलला नाही. सामान हलवताना ती मदतीला गेली. खोक्यांवर दोरी बांधायचं काम तिनं घेतलं आणि एकही खोकं उघडून बघितलं नाही. सून जाताना एक मलम देऊन गेली, व्रणांवर लावायला, आणि उन्हात जाताना चेहरा झाका म्हणाली. झडतीबाईनं ते मलम डबीवरचं काही न वाचता लावलं. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी वाचलं.

आता तिच्यापुढे त्या दोघी होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, की तेव्हा बरोबर आलेल्यांना सांगा, कुणाच्या गालात काय होऊन बसलं असेल सांगता येत नाही. पॅकिंगमधल्या बाईनं निमूटपणे ऐकून घेतलं आणि दवाखान्याचा वार विचारला. तिनं तेव्हा कपाळावरच्या सुरकुत्याही भरून घेतल्या होत्या, तिथे दोन दाणे होते, ती ते केसांनी झाकत होती. कॅन्टीनवालीचं तसं नव्हतं. तिनं कपबश्या विसळता विसळता ऐकलं, ओटा पुसला, आणि म्हणाली, "डॉक्टरीण तुला किती देते गं, माणसं आणायचे?"

झडतीबाईला राग आला, पण तो फार टिकला नाही. हाच प्रश्न तिनंही विचारला असता, आणि अगदी याच आवाजात. तिनं आपल्या गालावरचे व्रण दाखवले. कॅन्टीनवाली म्हणाली, की तुला सोसलं नसेल, माझं सगळं छान आहे. मग ती फाटकावर झडतीला यायची तेव्हा हात वर करायची आणि तोंड भिंतीकडे वळवायची. चहाला बोलवायचं तिनं बंद केलं. झडतीबाई अंबाडा चाचपायची, कमर चाचपायची, पण तिच्या चेहऱ्याकडे बघायची नाही. हे बरेच महिने चाललं.

एकदा व्रण दाखवायला म्हणून ती दवाखान्यात गेली तर रांगेत भिंतीच्या कडेला, तोंडाभोवती रुमाल गुंडाळून कॅन्टीनवाली बसली होती. रुमालाच्या वर डोळ्याखाली लाल सूज दिसत होती. झडतीबाई तिच्या शेजारी जाऊन बसली. कॅन्टीनवालीनं तिच्याकडे बघितलं नाही. पुढचे दोघं आत जाऊन आले, रांग थोडी सरकली, तशा दोघी बाकावर पुढे सरकल्या.

"सुई फार लागते का?" कॅन्टीनवालीनं विचारलं.

"लागते. मग गाल बधिर होतो."

"तू घरी सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"नवरा चेष्टा करतो. मुलगा येतो अधूनमधून. सून फोनवर विचारते, व्रण कसे आहेत. तेवढंच विचारते आणि ठेवते."

कॅन्टीनवालीनं मान हलवली. मग आतून तिचा नंबर पुकारला. ती उठली, दोन पावलं गेली आणि थांबून मागे बघायला लागली. झडतीबाई आपली पिशवी उचलून तिच्याबरोबर आत गेली.